शेजारचा पडदा

दुसरा मॉनिटर लावून खेळणाऱ्याची मान कधी निरखून बघा. ती फार वेळ सरळ राहत नाही. गेम लोड होतोय, मान वळली. एक मॅच संपून दुसरी जुळायला वेळ आहे, मान वळली. पात्र मेलं, परत जिवंत व्हायला पाच सेकंद आहेत, तेवढ्यातही वळली. मी याच जमातीतला. समोर गेम, डावीकडे चॅट, त्याच्या खाली कुणीतरी तोच गेम माझ्यापेक्षा बरा खेळत असल्याचा व्हिडिओ, आणि कोपऱ्यात तापमानाचे आकडे. हे सगळं एकाच वेळी का हवं असतं याचं धड कारण सांगता येत नाही. पण सवय अशी लागते की एकच मॉनिटर असलेल्या टेबलाशी बसलं की चष्म्याची एक काच निखळल्यासारखं वाटतं.

आणि मग कधीतरी गेम अडखळतो. कॅमेरा फिरवताना बारीक झटका बसतो, कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) तयार होतात याचा, आकडा १४४ वरून खाली घसरून परत वर येतो, आणि संशयाची सुई शेजारच्या पडद्याकडे वळते. दुसऱ्या मॉनिटरमुळे गेम मंदावतो का, या बाबतीत दोन ठाम पक्ष आहेत. एक म्हणतो, काही फरक पडत नाही, मनाचे खेळ आहेत. दुसरा म्हणतो, केबल काढून बघ, लगेच कळेल. गंमत अशी की दोघेही खरं बोलत असतात, आपापल्या मशीनपुरतं.

आधी एक गोंधळ बाजूला करू. गेमच दोन-तीन मॉनिटरांवर ताणून खेळणं हा निराळा मामला. तीन फुल एचडी मॉनिटर जोडून ५७६० बाय १०८० असा एकच लांबलचक पडदा केला, तर ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाला, दर फ्रेममध्ये तिप्पट पिक्सेल रंगवावे लागतात. तिथे एफपीएस कोसळणारच. आपण बोलतोय ते एका पडद्यावर गेम आणि दुसऱ्यावर बाकीचा पसारा, याबद्दल.

तर हा दुसरा पडदा नुसता चालू असेल, त्यावर स्थिर वॉलपेपरशिवाय काही नसेल, तर त्याचा खर्च किती? हिशेब सोपा आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एक पूर्ण चित्र सुमारे ८.३ एमबीचं. हल्लीच्या कार्डांवर ८ जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी असते, तिथे अशी दोन-तीन चित्रं ठेवली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आता हेच चित्र सेकंदाला ६० वेळा वाचून मॉनिटरकडे धाडायचं, म्हणजे सेकंदाला अर्धा जीबी. आरटीएक्स ४०६० सारख्या मधल्या फळीतल्या कार्डाची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वाचू-लिहू शकते. त्यातला पाचशेवा हिस्साही हा पडदा खात नाही. म्हणजे 'काही फरक पडत नाही' म्हणणारा पक्ष इथे निर्विवाद जिंकतो.

पण दुसरा मॉनिटर काळा किंवा स्थिर ठेवण्यासाठी कोण विकत घेतो?

खरी गोष्ट इथून सुरू होते. एकच मॉनिटर असताना तुम्ही गेम पूर्ण पडद्यावर सुरू केलात, की ब्राउझर त्याच्या मागे जातो. तो चालूच असतो, त्यातले टॅबही उघडेच असतात, पण विंडो पूर्ण झाकली गेली आहे हे क्रोमसारख्या ब्राउझरला समजतं आणि तो चित्र काढणं थांबवतो. दिसत नाही तर रंगवायचं कशाला! व्हिडिओचा आवाज चालू राहील, पण त्याच्या फ्रेम पडद्यावर आणण्याचं काम बंद. पानावरची हलती जाहिरात, चॅटमधला नाचणारा इमोजी, सगळं गुमान बसतं. हे आपोआप होतं, त्यामुळे आपल्याला त्याचा कधी पत्ताच नसतो.

दुसरा मॉनिटर आला की हीच विंडो तिकडे उघड्यावर येते. आता ती झाकलेली नाही. ब्राउझरच्या दृष्टीने कुणीतरी बघतंय, मग भले तुमची नजर गेममधल्या शत्रूवर खिळलेली का असेना. तो सगळं इमानेइतबारे रंगवत राहतो. थोडक्यात, एकाच मॉनिटरवर गेम बाकीच्या पसाऱ्याला स्वतःच्या अंगाखाली झाकून गप्प करत होता, ती सोय गेली. मॉनिटर स्वतः काही खात नाही. तो इतरांना जागं ठेवतो. केबल काढल्यावर ज्याचा गेम सुधारतो, त्याच्याकडेही बहुतेक वेळा घडलेलं असतं ते इतकंच की त्याच्या विंडो मुख्य पडद्यावर परत आल्या आणि गेममागे दडल्या.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून त्यात ग्राफिक्स कार्डाचाही हिशेब दिसतो. कोणती प्रक्रिया कार्डाचा किती टक्के भाग वापरते आणि कार्डाचा कोणता विभाग वापरते, दोन्ही. दुसऱ्या पडद्यावर व्हिडिओ लावा, 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख हलायला लागेल. त्याचबरोबर 'थ्रीडी'चाही थोडा हलेल, आणि खरी मेख त्या दुसऱ्या आलेखात आहे. व्हिडिओ उलगडायला कार्डात स्वतंत्र सर्किट असतं, गेम रंगवणाऱ्या भागाला त्याची झळ फारशी लागत नाही. मात्र उलगडलेली फ्रेम हव्या त्या आकारात ताणून, पानावर बसवून, डेस्कटॉपच्या चित्रात मिसळणं हे काम गेमवाल्याच भागाकडे येतं. त्यात कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ टोकदार करून दाखवण्याची ती सुविधा सुरू असेल, जी कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२३ मध्ये आणली, तर मग विचारूच नका. तिचं काम कार्डावरच चालतं आणि गेम सुरू असताना ते जाणवतं.

कार्ड जुनं असेल तर दुखणं दुसरीकडूनच निघतं. व्हिडिओ साइट हल्ली बऱ्याचदा एव्ही१ या प्रकारातला व्हिडिओ पाठवतात. तो उलगडणारं सर्किट एनव्हिडियाच्या ३० मालिकेपासून आणि तिची प्रतिस्पर्धी एएमडीच्या ६००० मालिकेतल्या बहुतेक कार्डांपासून, म्हणजे २०२० पासून मिळायला लागलं. त्याआधीच्या कार्डाला तो प्रकार कळत नाही, मग ते ओझं प्रोसेसरवर पडतं. गेमचं मुख्य काम ज्या प्रोसेसरवर आधीच धापा टाकतंय, त्याच्याच डोक्यावर. चार कोरच्या जुन्या प्रोसेसरवर हे स्पष्ट दिसतं. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन, म्हणजे चित्राचं काम कार्डाकडे सोपवणं, बंद करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला नेहमीच अर्धवट वाटत आलाय, कारण त्याने काम नाहीसं होत नाही, नुसतं कार्डावरून प्रोसेसरवर सरकतं. ज्याचा प्रोसेसर मोकळा आहे त्याला फायदा, बाकीच्यांना तोटा.

आता ते 'थोडंसं' किती जाणवतं, हे मात्र तुम्ही कोणत्या वेगाने खेळता त्यावर आहे. आकड्यांचा एक खेळ करून बघण्यासारखा आहे. समजा शेजारच्या पडद्यामुळे प्रत्येक फ्रेमला एक मिलिसेकंद जास्त लागला. ६० एफपीएसने खेळणाऱ्याची फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ती १७.७ झाली. एफपीएस ५६.६. त्याला कळणारही नाही. १४४ वाल्याची फ्रेम ६.९४ ची, ती ७.९४ झाली, एफपीएस १२६. तो कपाळाला आठ्या घालणार. आणि २४० वाल्याची ४.१७ ची फ्रेम ५.१७ झाली की तो एकदम १९३ वर येतो आणि हातातलं काम टाकून कुठेतरी तक्रार लिहायला बसतो. मिलिसेकंद तोच, एकच. म्हणूनच टक्क्यांत किंवा एफपीएसमध्ये सांगितलेला दुसऱ्याचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे हा मिलिसेकंद प्रत्येक फ्रेमला समान वाटलेला नसतो. दहा फ्रेम सुरळीत जातात आणि अकरावीला सगळा भार एकदम पडतो. सरासरी एफपीएस जवळजवळ तसाच दिसतो, पण हाताला झटका कळतो. फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख काढला तर सपाट रेघेतून मधूनच एक काटा वर आलेला दिसेल. भांडण त्या काट्याचं असतं, सरासरीचं नव्हेच.

मेमरीचं प्रकरण असंच दबा धरून बसलेलं. पडद्याच्या चित्राला ८ एमबी लागतात म्हटलं, पण ब्राउझरची प्रत्येक उघडी खिडकी, चॅटचं ॲप, गेमचा लाँचर, हे सगळे कार्डाच्या मेमरीत आपापली जागा अडवतात, आणि ती बेरीज बघता बघता शेकडो एमबीवर जाते. १२ किंवा १६ जीबीच्या कार्डाला त्याचं काही नाही. ८ जीबीचं कार्ड आणि टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं, 'अल्ट्रा' या वरच्या सेटिंगवर असतील, तर तेवढीच जागा नेमकी कमी पडते. मग गेमचा काही भाग संगणकाच्या साध्या रॅममध्ये सांडतो आणि तिथून कार्ड आणि संगणकाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने आणावा लागतो. आरटीएक्स ४०६० ला ही वाट आठ पदरी मिळते, चौथ्या पिढीच्या हिशेबाने सेकंदाला जेमतेम १६ जीबीची. कुठे २७२ आणि कुठे १६! इथे एफपीएस घसरत नाही, आपटतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की सगळं शांत होतं, आणि सेटिंग बदलताना आपण शिव्या मात्र मॉनिटरला दिलेल्या असतात.

एका काळात मॉनिटरला घातलेल्या शिव्या रास्तही होत्या. विंडोजमध्ये सगळ्या खिडक्या एकत्र करून अंतिम चित्र बनवणारी एक यंत्रणा असते, डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाची. २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर ती घराघरांत आली, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ती बंद करता येईनाशी झाली. ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) एक आणि १४४ हर्ट्झचा एक अशी विजोड जोडी लावली, की तिची तारांबळ उडायची. ६० वाल्या पडद्यावर व्हिडिओ लागला की १४४ वाल्यावरचा गेम, विशेषतः विंडोत किंवा बॉर्डरलेसमध्ये (पडदाभर पसरलेल्या बिनकडांच्या विंडोत) चालणारा, हळू पडद्याच्या तालावर अडखळायला लागे. लोक मग १४४ चा मॉनिटर मुद्दाम १२० वर चालवायचे, कारण १२० ही ६० ची दुप्पट, ताल जुळतो. मे २०२० च्या विंडोज १० अपडेटमध्ये ही यंत्रणा सुधारली आणि प्रत्येक पडद्याला आपापला ताल मिळाला. पण १२० चा सल्ला अजून फिरतो आहे. रोग गेला तरी औषध चालू ठेवायची आपली जुनी खोड.

खरं तर १२० च्या त्या सल्ल्याला एक उरलंसुरलं कारण आहे, पण ते गेमचं नाही, गेम बंद असतानाचं. कार्डाला काम नसलं की ते मेमरीचा वेग खाली आणून थंड बसतं. वेग बदलताना क्षणभर मेमरी वाचता येत नाही, आणि पडद्याला तर चित्राचा पुरवठा अखंड लागतो. त्यामुळे हा बदल एक चित्र संपून दुसरं सुरू होण्यातल्या इवल्याशा फटीत उरकावा लागतो. पडदे दोन झाले, त्यांचे ताल वेगळे असले, की दोघांच्या फटी एका वेळी येतच नाहीत. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नाद सोडतो आणि मेमरी कायम पूर्ण वेगात ठेवतो. नुसता डेस्कटॉप उघडा असताना कार्ड गरम लागणं, पंखे अधूनमधून घरघरणं, याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाची यावरून बरीच चर्चा झाली. दोन मॉनिटर जोडून काहीही न करता ते शंभर वॉटच्या आसपास वीज ओढत होतं, आणि पुढच्या वर्षभरात ड्रायव्हर बदलत बदलत ते ताळ्यावर आलं. गेम खेळताना मेमरी तशीही पूर्ण वेगातच असते, तेव्हा एफपीएसशी याचा संबंध नाही. पण खोलीतल्या उकाड्याशी आहे.

दुसरा मॉनिटर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला जोडायचा, म्हणजे त्याचा भार प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर जाईल, अशीही एक युक्ती आहे. कधी चालते. कधी ब्राउझर तरीही मोठ्या कार्डावरच चित्र काढतो आणि मग ते उचलून दुसऱ्या घरी पोचवण्याचा खर्च वर बसतो. करून बघावं, त्यावर वाद घालू नये.

लॅपटॉपची गोष्ट मात्र उलटी, आणि मला ती सगळ्यात आवडते. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये आतला पडदा प्रोसेसरच्या छोट्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. मोठं कार्ड गेमची फ्रेम रंगवतं, पण ती छोट्याच्या हवाली करावी लागते आणि मग छोटा ती पडद्यावर नेतो. या हेलपाट्यात वेळ जातो, आणि एफपीएस जितके जास्त तितका तो जास्त नडतो. बाहेरचा मॉनिटर जोडायचं पोर्ट जर थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असेल, तर गेम त्या मॉनिटरवर नेऊन आतला पडदा बंद केला की हेलपाटा संपतो आणि एफपीएस वाढतात. होय, दुसऱ्या मॉनिटरमुळे वाढतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच नावाची सोय असते, ती आतल्या पडद्यालाही थेट वाट करून देते, तेव्हा हा फायदा उरत नाही. पण ज्याच्याकडे ती नाही, त्याला कुणी 'दुसरा मॉनिटर नको, गेम अडकेल' असं सांगितलं असेल तर त्याचं नुकसानच केलं म्हणायचं.

हे सगळं तपासायला निघालेल्या माणसाचा दुसरा पडदा बघण्यासारखा असतो. तापमान, वॉट, मेमरी, प्रत्येक कोरची टक्केवारी, फ्रेमटाइम, सगळ्यांचे आलेख उजवीकडून डावीकडे सरकत असतात. ते सरकते आलेख कोण रंगवतंय? तेच कार्ड. तापमान विचारायला सेन्सरला सारखं कोण टोकतंय? तोच प्रोग्राम, आणि फार वारंवार टोकलं तर त्याचाही झटका गेममध्ये उमटू शकतो. म्हणजे रोग शोधायला लावलेलं यंत्र रोगात भर घालतं. त्यापेक्षा प्रेझेंटमॉनसारख्या साधनाने आकडे फाइलमध्ये नोंदवावेत, खेळून झाल्यावर निवांत बघावेत. गेममधला एकच प्रसंग निवडून तो एकदा शेजारी व्हिडिओ लावून, एकदा ती खिडकी मिनिमाइझ करून, आणि एकदा विंडोज व पी या कळा दाबून दुसरा पडदाच बंद करून खेळावा. मिनिमाइझ केल्यावर सुधारलं तर दोष खिडकीचा. पडदा बंद केल्यावरच सुधारलं तर मग मॉनिटरवर बोट ठेवायला हरकत नाही. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या वादात एक खर्च कुणी धरतच नाही. डोळ्याच्या कडेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल चटकन टिपली जाते. शेजारी काहीही हललं की मान वळणारच, ते आपल्या हातात फारसं नाही. एका सेकंदाची नजर तिकडे गेली म्हणजे १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १४४ फ्रेम कुणीही न बघता निघून गेल्या. तीन फ्रेम वाचाव्यात म्हणून ड्रायव्हर तीनदा बदलणारा माणूस या १४४ सहज उधळतो, आणि परत वळतो तोवर पात्र मेलेलं असतं. त्यात कधी माऊसही घसरून तिकडे जातो. फुलस्क्रीनमधला गेम अशा वेळी नेमक्या चकमकीत क्लिक झाला की मिनिमाइझ होतो, आणि समोर येतो तो शांत, निर्मळ डेस्कटॉप. गेमच्या सेटिंगमध्ये कर्सर खिडकीत अडकवून ठेवायचा पर्याय बऱ्याचदा असतो. एवढी एक गोष्ट तरी लगेच करावी.

मी मॉनिटर काढलेला नाही, काढणारही नाही. फक्त चुरशीची मॅच असेल तर तिकडे न हलणारं काहीतरी ठेवतो. नकाशा, कळांची यादी, एखादं लिखित मार्गदर्शन. ज्या पानावर काही बदलत नाही ते ब्राउझर एकदाच रंगवतो आणि गप्प बसतो, त्यामुळे मजकुराचं पान जवळजवळ फुकट पडतं. अडचण इतकीच की गेमच्या मार्गदर्शनाची पानं मजकुराची असतात असं आपण समजतो, आणि उजव्या कडेला दुसऱ्याच कुठल्या गेमची जाहिरात थयथयाट करत असते. त्यासाठी ब्राउझरचा वाचन मोड आहे.